जीपवरचा आळ

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की पिंपळीच्या अलीकडं लिंबाच्या झाडाखाली एक पांढरी व्हॅन उभी दिसते. तिच्या दारावर 'येथे गाडीचा धूर तपासून मिळेल' असं लाल अक्षरांत लिहिलंय. ती व्हॅन माझी. नऊ-दहा वर्षं झाली, लोकांच्या गाड्यांचा धूर मोजून मी पोट भरतो. सायलेन्सरमध्ये नळी घालायची, गाडीवाल्याला रेस करायला सांगायचं, मशीन आकडा दाखवतं, कॉम्प्युटर कागद काढतो. कामाला डोकं लागत नाही. संयम लागतो, आणि तो माझ्याकडं कधीच नव्हता.

माणूस डॉक्टरकडं घाबरत जातो आणि माझ्याकडं चिडून येतो. त्यात डिझेलवाले जास्त चिडलेले. पेट्रोलची गाडी आली की फारसं काही करावं लागत नाही. डिझेलची आली की चार-चार वेळा पाय दाबून रेस करायला लावतो, कारण तपासणीची पद्धतच तशी आहे. पण ऐकतो कोण.

"आमच्याच मागं का लागलाय तुमी?" एक जण दरवर्षी न चुकता विचारायचा.

"डिझेलचा धूर काळा असतो. दिसतो."

"दिसतो म्हणून आमी चोर. आन् ते पल्याड काय चाललंय ते दिसत न्हाय व्हय?"

पल्याडच्या रानात ऊस तुटून गेलेला असायचा आणि मागं राहिलेलं पाचट पेटवलेलं असायचं. अख्खं रान धडाडून जळतंय आणि त्याची काळी पापडी उडत येऊन माझ्याच व्हॅनच्या काचेवर बसतीय. मी म्हणायचो, "पाचटाला सायलेन्सर नसतो, दादा. नळी कुठं घालू?"

लोक हसायचे. मला माझं हे वाक्य फार आवडायचं, आणि मी ते येईल त्याला ऐकवायचो. नळी जिथं जाते तिथलाच धूर आपल्याला सापडतो, यात हसण्यासारखं काही नाही हे मला आईच्या आजारपणात कळलं. कळूनही मी बरेच दिवस गप्प बसलो. त्या गप्प बसण्याबद्दलच मला लिहायचंय.

आमचं घर मूळचं मेंढरांचं. दिवाळी झाली की आजोबा कळप घेऊन कोकणात उतरायचे. ते उन्हाळा संपताना परत यायचे. वडलांना, म्हणजे आमच्या तात्यांना, ते जमलं नाही. त्यांनी मेंढरं विकली आणि एक जुनी डिझेल जीप घेतली. बारामती ते इंदापूर वडाप सुरू केलं. नऊ माणसांच्या जागी पंधरा बसवायची आणि वाटेत कुणी हात केला तर सोळावा मागं लटकवायचा. तात्या म्हणायचे, "बाच्या म्होरं मेंढरं, माझ्या मागं पॅसेंजर. दोनी बी मोजूनच न्यावी लागत्यात."

पुढच्या सीटवर डाव्या खिडकीची जागा बाजारच्या दिवशी आईची असायची. आमच्या उसाला लागून असलेल्या अर्ध्या एकरात ती भेंडी, गवार, कोथिंबीर काढायची. पाट्या वर कॅरियरला बांधलेल्या, आणि आई पदर घट्ट खोचून खिडकीत बसलेली. त्या दिवशी त्या जागेवर तात्यांनी सरपंचालाही बसू दिलं नसतं. एकदा एका सरकारी साहेबानं तिथं बसायचा हट्ट धरला. तात्यांनी गाडीच बंद पडल्याचं सोंग केलं, आणि साहेब एसटीनं गेल्यावर ती लगेच सुरू झाली.

आई तात्यांचं नाव घ्यायची नाही, तिच्या पिढीत ती रीतच नव्हती. ती त्यांना 'डिझेल' म्हणायची. संध्याकाळी गाडी दारात यायच्या आधीच चुलीपुढून म्हणायची, "आलं बघ आपलं डिझेल." तात्यांच्या सदऱ्याला, हाताला, डोक्याच्या टापशीलासुद्धा तो वास असायचा. लहानपणी मला तापात झोप लागत नसली की तात्या जवळ येऊन बसायचे, आणि त्या वासानं मला झोप लागायची. आज हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतं, कारण पुढं त्याच वासावरून मी त्यांना काय काय बोललो.

मी विशीचा असताना बारामतीत एका टायर रिमोल्डच्या दुकानात कामाला लागलो. टायर गुळगुळीत झाला की त्याचा वरचा थर मशीनवर खरवडून काढतात आणि त्यावर नवा थर चिकटवतात. खरवडताना रबराचा काळा कीस पडतो, खोबऱ्याच्या किसासारखा. दिवसाला पोतं-दोन पोती. मालकाला त्याचं करायचं काय हा प्रश्नच होता. कामावरची माणसं तो घरी न्यायची, कारण रबराइतका जाळ लाकडाला कधी येत नाही. मीही न्यायला लागलो. दर शनिवारी सायकलच्या कॅरियरला एक पोतं.

आमच्या मागच्या दारी पत्र्याच्या सपरात तांब्याचा बंब होता. सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी त्याच्यावर. मधल्या नळीत सरपण घालायचं, खालून हवा. त्यासाठी आई रोज पहाटे उठायची, तुराट्या, उसाची बुडखी, वाळकी शेणी गोळा करायची, ओलं असलं की फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यायची. मी पहिलं पोतं आणलं त्या दिवशी तिनं मूठभर कीस निखाऱ्यावर टाकला आणि बंब असा पेटला की ती मागं सरकली. पाणी बघता बघता उकळलं. आई माझ्याकडं बघून हसली. मला अजून ते हसू दिसतं. आळीतल्या बायका बघायला आल्या. शेजारची काकू म्हणाली, "पोरगं आसावं तर आसं. आयचं सरपान वाचीवलं."

त्या एका वाक्यावर मी दहा वर्षं कीस आणला. दुकान सोडलं तरी मालकाकडून मागून आणला. पोतं संपायच्या आत दुसरं. धूर काळा आणि चिकट असायचा, सपराचा पत्रा आतून डांबर लावल्यासारखा झाला होता, गोधडीच्या घडीतसुद्धा वास भरलेला असायचा. आणि कीस एकदम टाकता येत नाही, भडका उडतो, म्हणून आई बंबाजवळ बसून चिमटीनं टाकायची. सात जणांच्या अंघोळी होईपर्यंत ती तिथंच. मध्येच खोकायची. मी विचारलं की म्हणायची, "काय न्हाय रं, ठसका लागला."

तात्यांनी एकदा विषय काढला होता. सकाळी जीप पुसता पुसता म्हणाले, "त्यो रबराचा धूर वंगाळ हाय. लाकूडच बरं."

मी तेव्हा अंघोळ करून, केसाला तेल लावून कामावर निघालो होतो. मी म्हणालो, "तुमच्या जीपपेक्षा बरा हाय."

ते जीप पुसत राहिले. जीप होतीच तशी. थंडीत सुरू व्हायला वेळ घ्यायची, मग दारात बराच वेळ घुरघुरत उभी असायची, आणि सायलेन्सरमधून निघालेला लोट ओसरीवर यायचा. माझं बोलणं खोटं नव्हतं. फक्त ते अर्धंच खरं होतं.

नंतर घरात गॅस आला, चूल मोडली, पण बंब राहिला, कारण गॅसवर पाणी तापवायचं म्हणजे आईच्या मते उधळपट्टी. रिमोल्डचं दुकान बंद पडल्यावर कीस थांबला. मी धूर तपासणीचा परवाना काढला, व्हॅन घेतली, आणि अचानक मी धुरातला जाणकार झालो. पाहुणेरावळे मला विचारायचे, अमकी गाडी घ्यावी का तमकी. मी पाय पसरून डिझेलच्या विरोधात बोलायचो. तात्या कोपऱ्यात ऐकत असायचे.

आईचा दम वाढला तेव्हा ती पन्नाशीच्या पुढं गेली होती. आधी भेंडी तोडताना थांबायची, मग ओसरीची पायरी चढताना, मग केस विंचरतानासुद्धा. बारामतीत छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. जीपमधूनच नेलं, तिच्याच खिडकीच्या जागेवर बसवून. डॉक्टरांनी फुंकायच्या मशीनमध्ये तिला फुंकायला लावलं. तिची फुंकर इतकी बारीक होती की मला तिकडं बघवेना. बंबापुढं फुंकणी घेऊन बसलेली हीच बाई.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाच्या नळ्या आकसल्यात, हे आजचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. मग त्यांनी विचारलं, "घरात कोण बिडी-सिगरेट ओढतं?"

"कुणीच नाही," मी म्हणालो.

"मग कुठल्या धुराशी संबंध?"

आणि मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "वडलांची डिझेल जीप आहे. रोज सकाळी दारात चालू असते. तीस वर्षं."

मी धुरातला जाणकार ना. परीक्षेत येणारा प्रश्न आला म्हटल्यावर पोरगं जसं घाईनं उत्तर देतं, तसं मी दिलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं. आई तोंडापुढचा पदर काढून म्हणाली, "जीपचं न्हाय वो डॉक्टर, ते..." तात्या तिच्या शेजारी बाकावर बसले होते. त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला. आई थांबली. मग तिला खोकला आला आणि पुढचं बोलणं राहूनच गेलं. मला वाटलं, लाजले. चारचौघांत आपल्या जीपची चर्चा नको म्हणून बायकोला गप्प केलं. मला त्यांचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी मी जीप माझ्या व्हॅनपाशी आणायला लावली. तात्या स्वतः चालवत आले. मी सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि त्यांना रेस करायला सांगितलं, कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं. मशीननं मर्यादेच्या वरचा आकडा दाखवला. खरं सांगायचं तर एअर फिल्टर धुळीनं चोंदलेला होता आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल बघून घ्यायला हवे होते. दोन दिवसांचं काम. दुसरा कुणी असता तर मीच त्याला तसं सांगितलं असतं. तात्यांना नाही सांगितलं. कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "नापास. आता तरी इका."

तात्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. आठ दिवसांत त्यांनी जीप विकली. सोमेश्वरनगरकडच्या एकानं नेली, त्याला ऊसतोडीच्या टोळ्यांची ने-आण करायला हवी होती. गाडी दारातून निघाली तेव्हा आई खाटेवर उठून बसली होती. ती म्हणाली, "माझी जागा गेली." मी म्हणालो, आई, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

त्याच आठवड्यात तात्यांनी आणखी दोन कामं हाती घेतली. बंब मोडीत घातला आणि छपरावर पाणी तापवायला सोलर बसवला. आणि ऊस तुटल्यावर पाचट पेटवायचं नाही, सरीतच दाबायचं असं ठरवून ते स्वतः रानात राबले. भावकीतले हसले, पेटवलं की एका दुपारचं काम, हा म्हातारा महिनाभर पाचट दाबत बसलाय. मीही मनात म्हणालो, जीप गेली, आता हातांना काम हवं म्हणून चाललंय. मी तेवढाच विचार केला.

जीप गेली तरी तात्यांच्या अंगाचा वास गेला नव्हता. ते आता दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायला जायचे. मी नियम घातला की बाहेरून आल्यावर कपडे बाहेरच काढायचे आणि हात धुतल्याशिवाय आईजवळ जायचं नाही. साठी ओलांडलेला माणूस नळापाशी उकिडवा बसून कपड्याच्या साबणानं कोपरापर्यंत हात घासायचा. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही तर पुन्हा घासायचा. मग हातांचा वास घेऊन बघायचा आणि आईच्या खोलीच्या दारात येऊन विचारायचा, "येऊ का?" आई आतून म्हणायची, "या की. डिझेलला कसली परवानगी." मी तिलाही दटावायचो. या गोष्टीची मला जितकी लाज वाटते तितकी आयुष्यात दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

वर्षभरानं आईचं खूप वाढलं तेव्हा आम्ही तिला दुसऱ्या दवाखान्यात ठेवलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पहिल्यापासून सगळं विचारलं. तात्या तेव्हा औषधं आणायला खाली गेले होते. बाई म्हणाल्या, "स्वयंपाक कशावर व्हायचा? आणि अंघोळीचं पाणी?"

"बंबावर," मी म्हणालो.

"बंबात काय जाळायचे?"

मी पहिल्यांदा लाकूड म्हणालो. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग मी म्हणालो, "आणि रबराचा कीस. टायरचा."

"किती वर्षं?"

"दहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आजार एकाच धुराचा असतो असं कुणी छातीठोक सांगू नये, रस्त्याचा धूर, चूल, पाचट, सगळं साठत जातं. डिझेलचा धूरही छातीला वाईटच. पण उघड्या मैदानात जाणारा धूर आणि तोंडापासून हातभर अंतरावर, पत्र्याखाली कोंडलेला धूर यांत फरक आहे. "आणि रबर तर जाळूच नये कधी," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, आणि ते जास्त अवघड होतं.

आई मिटल्या डोळ्यांनी पडली होती. मला वाटलं झोपलीय. तिनं डोळे न उघडताच माझा हात चाचपडला आणि धरला.

तात्या औषधांची पिशवी घेऊन वर आले. त्यांनी विचारलं, "काय म्हनल्या बाई?"

तेव्हा सांगायला हवं होतं. जीपचं नव्हतं तात्या, माझं होतं. एवढी चार-पाच शब्दांची गोष्ट. मी म्हणालो, "त्येच. गोळ्या चालू ठेवा म्हनल्या."

आई त्या दवाखान्यातून घरी आली, पण दोन महिनेच राहिली. शेवटच्या दिवसांत ऑक्सिजनचं मशीन तिच्या खाटेपाशी घुरघुरायचं. ती म्हणाली, "जीप चालू असल्यावानी वाटतंय." त्यावर तात्या हसले आणि मग बाहेर निघून गेले.

दहाव्याला पाहुणे जमले होते. आत्या मोठ्यानं म्हणाली, "त्या जीपनं खाल्ली माझ्या वैनीला. तीस वरीस धूर पाजला." सगळ्यांनी माना हलवल्या. तात्या भिंतीला टेकून बसले होते. त्यांनीही मान हलवली. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. माझं तोंड उघडलं नाही. मी मनाशी म्हणालो, आता बोलून आई परत येणार आहे का. भित्र्या माणसाला असली वाक्यं वेळेवर बरोबर सुचतात.

त्यानंतर तात्या दुपारी माझ्या व्हॅनपाशी येऊन बसायला लागले. लिंबाखाली प्लॅस्टिकची खुर्ची. गाड्या बघायच्या, आवाजावरून इंजिनात काय बिघाड आहे ते मला हळूच सांगायचं. डिझेलवाला तावातावानं भांडायला लागला की तात्याच त्याला समजवायचे, "आसू द्या. मोजून घ्यावं. आपल्या गाडीनं कुनाला तरास व्हतोय का, त्ये आपल्याला दिसत न्हाय." मी ते ऐकून मशीनच्या मागं तोंड घालायचो. पाचटाचं ते माझं वाक्य मी केव्हाच सोडून दिलं होतं.

यंदा हिवाळ्यात एका दुपारी कन्हेरीच्या बाजूनं एक जीप आली. रंग बदलला होता, पुढं झेंडूची माळ होती, पण बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यातला पोचा मी ओळखला. तात्यांनी त्याआधीच ओळखली होती. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले होते, आवाजावरूनच.

जीपवाल्यानंही तात्यांना ओळखलं. "आबा, तुमचीच हाय. अजून काय तक्रार न्हाय तिची," तो म्हणाला. मी नळी घातली. त्यानं रेस केली. एकदा, दोनदा, चारदा. धूर आला तो पातळ, राखाडी. मशीननं मर्यादेच्या आतला आकडा दाखवला.

"काय केलं हिचं?" मी विचारलं.

"कायच न्हाय. फिल्टर बदलला, नोझल साफ केलं. त्ये बी घेतली तवाच."

तो पलीकडच्या टपरीवर चहाला गेला. जाता जाता तात्यांना म्हणाला, बसा की आत, किल्ली हाय. तात्या जरा वेळ तसेच उभे राहिले, मग दार उघडून ड्रायव्हरच्या जागेवर बसले. गाडी सुरू केली नाही. एक हात स्टीअरिंगवर, एक हात गिअरच्या दांड्यावर. मी फिरून पलीकडं गेलो आणि डाव्या खिडकीच्या जागेवर बसलो. कॉम्प्युटरवर कागद निघायचा राहिला होता.

समोरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते. मी त्यांच्याकडं बघतच म्हणालो, "तात्या, आयचं जीपमुळं झालं न्हवतं."

मी सगळं सांगितलं. कीस, दहा वर्षं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, तुम्ही विचारलंत तेव्हा मी काय सांगितलं, दहाव्याला मी कसा गप्प बसलो. एअर फिल्टरचंही सांगितलं. बोलताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

तात्यांनी गिअरवरचा हात काढला. म्हणाले, "मला म्हाईत हाय."

"कवापासनं?"

"पैल्या डॉक्टरपासनं. त्याच्या आदीपासनं म्हन. तुझ्या आयला बी म्हाईत व्हतं. रबराचा धूर नाकात गेला की तिची छाती धरायची, तिला कळत न्हवतं व्हय. तितं ती सांगायलाच लागली व्हती. मी हात दाबला तिचा."

त्या बाकावरचा तो हात मला दिसला. इतकी वर्षं मी त्याचा राग धरून होतो.

"सांगू द्यायचं," मी म्हणालो. "माझ्यावर यायला पायजे होतं ते."

"बाहेर आल्यावर तीच म्हनली, बरं केलं. पोरानं हौसंनं आनलं व्हतं. त्याला ह्ये कळलं तर त्यो कुठं जाईल?" तात्यांनी काचेवरची धूळ बोटानं पुसली. "बंब मोडला, पाचट दाबलं, जेवडं हातात व्हतं तेवडं केलं. आळ कुनावर तरी जानारच व्हता. जीप इकता येती. पोरगं कुठं इकायचं?"

जीपवाला चहा पिऊन आला. मी उतरलो, कागद काढला, त्याच्या हातात दिला. तात्या उतरले. जीप सोमेश्वरनगरच्या दिशेनं वळण्यासाठी बारामतीकडं निघाली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तात्या रस्त्याकडं बघत उभे होते.

मग ते सवयीनं व्हॅनमागच्या पाण्याच्या टाकीपाशी गेले. उकिडवे बसले, बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, साबणाची वडी घेतली आणि नळ सोडला. मी मागून जाऊन नळ बंद केला. म्हणालो, "ऱ्हाऊ द्या, तात्या." त्यांनी वर बघितलं. मी त्यांच्या हातातून साबण घेतला आणि त्यांना धरून उठवलं.